तीन दातांची फणी

गावाचं नाव आंधळगाव.
बदलीच्या कागदावर वाचलं तेव्हा हसलो होतो मी :
डोळे तपासणारा माणूस, आणि हे गाव.
इथं कोणी हसत नाही.
मोहाडीच्या फाट्यावर जीपचा पोऱ्या ते नाव ओरडतो
आणि माणसं कोंबून बसतात, बस.

महिन्यातून एक मंगळवार.
जिल्हा परिषद शाळा, दुसरीचा वर्ग, खिडकीला पोतं.
तक्ता फळ्याशेजारी.
सहा मीटर अंतर लागतं आणि खोली भरते पाच मीटर,
म्हणून ज्याचे डोळे तपासायचे
तो उभा राहतो दाराबाहेर, चपलांच्या ढिगात.
अंतर मोजायला माझ्याकडे दोरी आहे.

कौतिकाबाई हेडाऊ. वय?
‘लिहा जी पन्नास. नाईतर पंचावन्न.
तुमच्या कागदाले जे लागन ते.’
काम?
‘कोसा.’ मग थांबून, ‘होतं.’

अक्षरओळख नाही, म्हणून चिन्हांचा तक्ता लावला.
याचे दात कुठल्या बाजूला, हातानं दाखवा.
तिनं मान तिरपी केली.
‘हे तं फणी आहे. तीन दातांची.
काय विणतेत बाप्पा हिच्यानं?’
आणि वर, खाली, डावी, उजवी
शेवटच्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही.
तलावापल्याडची म्हैस कोणाची, हेही सांगितलं, न विचारता.

दूरचं सगळं होतं तिच्याजवळ.
हाताच्या अंतरावर धुकं.
तुटलेली तार आधी बोटानं शोधायची,
मग जिभेच्या टोकानं,
मग कापडात झिरी पडायला लागली
आणि ती मागावरून उठली.
बारा वर्षं कोशे उकळते आहे चुलीवर.
त्याला नजर लागत नाही.
वय झालं, म्हणाला नवरा. जावई म्हणाला.
तीही म्हणाली.

पेटीतून अडीचची काच काढली.
पुस्तकात लिहिलंय, जवळचं अंतर चाळीस सेंटिमीटर.
मी तिच्या नाकापासून मांडीपर्यंत दोरी धरली,
जिथं ती तार वळायची.
तिनं पदराची गाठ सोडून
कोशाच्या धाग्याचा एक तुकडा काढला.
बारा वर्षं का बांधून ठेवला होता, विचारलं नाही.

‘एक वाटत होती,’ ती म्हणाली, ‘चार तारा आहेत.’

अहवालाला फोटो लागतो, हसरा.
मी मोबाईल धरून उभा.
ती हसली नाही.
‘केवढ्याचा हा चष्मा?’
दीडशेचा. तुम्हाला फुकट.
‘दीडशे.’
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पैसे नव्हते ते.
‘मंग आजलोक कोठी होते जी तुम्ही?’

माझ्याकडे उत्तरं आहेत.
दोन तालुक्यांना मी एकटा,
गाडीचं डिझेल, चष्म्यांची निविदा.
म्हणालो, पदं रिकामी आहेत बाई.
‘मागही रिकामाच होता,’ ती म्हणाली.

बाहेर अजून त्रेपन्न माणसं.
अडीचचे चष्मे दुपारी संपले.
ज्यांना मोतीबिंदूची चिठ्ठी दिली, त्यातल्या एका म्हातारीनं
ती घडी करून चोळीत ठेवली : भंडाऱ्याला गेलं तर
बकऱ्या कोण पाहणार?
माझ्याकडे बकऱ्यांचा रकाना नाही.

कौतिकाबाई घरी गेली नव्हती.
भिंतीला टेकून माझी दोरी मांडीवर घेऊन बसली होती,
नव्या काचांतून बघत.
‘तीन जागी तुटली, तीन जागी गाठ मारली तुम्ही.
सहा मीटर नाई हे. हातभर कमी आहे.’
सातव्या वर्षी हे कोणीतरी सांगत होतं मला.
तिनं गाठी सोडल्या,
तुटली टोकं उसवून एकमेकांत वळली,
बाजूच्या सुतळीचा तुकडा घेऊन उणं भरलं,
मांडीवर तळहात घासत,
कुठं सांधलंय ते बोटालाही कळू नये असं.

पुढचा माणूस
चपलांच्या ढिगातून एक पाऊल मागं सरला,
उन्हात.